काळवीट धूसर का येतो?

प्रश्न: नान्नजच्या माळरानावर ४०० मिमी लेन्सने दुपारी काळवीट टिपले. ट्रायपॉड असूनही फोटो धूसर. लेन्स बिघडली का? (वाचक, सोलापूर)

उत्तर: लेन्स बहुधा ठणठणीत असेल, दोष तापलेल्या जमिनीचा. वर उठणारी गरम हवा प्रकाश वाकवते, त्यामुळे कडा थरथरतात. ट्रायपॉड, वेगवान शटर, महागडी लेन्स, कशानेच ते जात नाही. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात जा. अंतर कमी असेल तेवढं बरं, पण कळपाचा पाठलाग नको. गाडीतून टिपताना काच पूर्ण खाली, एसी बंद. तापलेल्या बॉनेटवरून तर नकोच. शटरचा वेग उभ्या नराला १/५०० सेकंद, धावत्याला १/२०००. उजळ गवतात काळी पाठ बुडते, म्हणून एक्स्पोजर +०.७, म्हणजे फोटो थोडा उजळ; पांढरं पोट तपशील जाऊन कोरं होत नाही ना, हे हिस्टोग्रामवर (कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) बघा.