जुन्या रॉक मासिकांतल्या मुलाखती आता शोधून वाचण्यात काय राम आहे?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बड्या संगीतकारांचे सगळे किस्से यूट्यूबवर आहेतच, मग जुने अंक उकरायचे कशाला. किस्से आहेत, मान्य. पण किस्सा सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. मुलाखत छापून आली त्या दिवशी तो कुणालाच ठाऊक नव्हता, देणाऱ्यालाही नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. मला गोडी आहे ती त्याची.

मागच्या दिवाळीत माळा साफ करताना कॉलेजच्या दिवसांतली ट्रंक निघाली. फोर्टात फ्लोरा फाउंटनपाशी फुटपाथवर पुस्तकवाले बसायचे, त्यांच्याकडून घासाघीस करून घेतलेले विलायती अंक. घेतले तेव्हाच दोन-तीन वर्षं शिळे होते. आता पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडलेत. एका अंकात एका इंग्रज गिटारवाल्याची मुलाखत आहे, तिचा शेवटचा रकानाच नाही. त्याच्या मागच्या बाजूला कुणाचा तरी फोटो होता आणि माझ्या रूममेटनं तो ब्लेडनं कापून भिंतीवर चिकटवला होता. त्यावरून आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. मुलाखत अर्ध्या वाक्यात तुटते: 'खरं सांगायचं तर ते गाणं मी'. पंचवीस वर्षं हे वाक्य माझ्या डोक्यात तसंच लोंबकळत राहिलं. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो.

सुरुवात करायची तर एकच माणूस घ्या, बीटल्स या इंग्रज बँडचा जॉन लेनन, आणि त्याच्या तीन मुलाखती.

पहिली ४ मार्च १९६६ ची, लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मधली, मॉरीन क्लीव्हनं घेतलेली. हे वर्तमानपत्र, मासिक नव्हे, पण आग लागली ती मासिकातूनच. आम्ही येशूपेक्षा जास्त लोकप्रिय झालोय, हे वाक्य यातलं. वाक्य सगळ्यांना पाठ आहे, अख्खा लेख वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो. मीही पस्तिशी उलटल्यावर वाचला. त्यात दिसतो तो लंडनजवळच्या वेब्रिजच्या बंगल्यात कंटाळलेला पंचवीस वर्षांचा पोरगा. आज वार कुठला याचा त्याला पत्ता नाही. गोरिलाचा पोशाख विकत घेतलाय आणि दोनदाच घालायला मिळाला म्हणून हिरमुसलाय. घरात चिलखत आहे, भलामोठा क्रूस आहे, धर्मावरची पुस्तकं आहेत. मध्येच तो भारतीय संगीताची रेकॉर्ड लावतो आणि पाहुणीला विचारतो, ऐकतेयस ना? हे हजारो वर्षांचं संगीत, आणि आपण इंग्रज तिकडे जाऊन त्यांना शिकवत होतो, याचं त्याला हसू येतं. हे वाचताना मी उठून बसलो. याबद्दल मला आजवर कुणी कसं सांगितलं नव्हतं?

येशूचं वाक्य या सगळ्या पसाऱ्यात बोलण्याच्या ओघात येऊन जातं. ब्रिटनमध्ये कुणी त्यावर ब्रसुद्धा काढला नाही. पाचएक महिन्यांनी अमेरिकेतल्या 'डेटबुक' या पोरासोरांच्या मासिकानं ते उचललं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत रेकॉर्डींच्या होळ्या पेटल्या. रेडिओ केंद्रांनी बीटल्सची गाणी बंद केली. ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांसमोर बसून लेननला खुलासा करावा लागला. तो दौरा २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत संपला आणि त्यानंतर बीटल्सनी दौरे करणंच सोडलं. गंमत अशी की 'डेटबुक'च्या त्या अंकाच्या मुखपृष्ठावर फोटो बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीचा आहे. अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरचं त्याचं जहाल वाक्यही तिथेच छापलंय. त्यावरून कुणी काडी ओढली नाही. हे एखाद्या व्हिडिओत क्वचितच सांगतात, अंक डोळ्यांसमोर आला की लगेच दिसतं.

दुसरी मुलाखत ८ डिसेंबर १९७० ची. न्यूयॉर्कला 'रोलिंग स्टोन'चा संपादक यान वेनर टेपरेकॉर्डर लावून बसलाय. बीटल्स फुटून वर्षही झालेलं नाही. लेनन नुकताच किंचाळून किंचाळून मनातलं दुःख बाहेर काढायच्या उपचारांतून आलाय आणि मुलाखतीतही त्याचं तेच चाललंय. मॅकार्टनी, बीटल्सच्या रेकॉर्डींचा निर्माता जॉर्ज मार्टिन, कुणालाच सोडत नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९७१ च्या दोन अंकांत ती छापून आली. पुढे वेनरनं लेननच्या मनाविरुद्ध तिचं पुस्तक काढलं आणि दोघांचं फाटलं. वाचायला ही सगळ्यात झणझणीत. पण पुन्हा वाचताना मला ती जरा थकवते, दुसऱ्याच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकावं तशी.

तिसरी सप्टेंबर १९८० ची, 'प्लेबॉय'साठी डेव्हिड शेफनं घेतलेली. (हो, तेच मासिक. 'मी मुलाखतींसाठी घेतो' म्हटलं की फुटपाथवाला मिश्कील हसायचा. मुलाखती खरंच चांगल्या असायच्या हो!) इथला लेनन निवळलाय. पाव भाजल्याचं सांगतो, लेकाचं सांगतो. एकेक गाणं घेऊन कुठली ओळ कुणाची ते सांगत बसतो. मॅकार्टनीच्या गाण्यांचं मनापासून कौतुकही करतो. आणि त्याच दमात, बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी' गाण्याचं पहिलं कडवं त्याचं, बाकीचे शब्द बहुतेक माझेच, असंही ठोकून देतो. मॅकार्टनीला हे कधीच मान्य नव्हतं, आणि लेननचा शाळूसोबती पीट शॉटननंही मॅकार्टनीचीच बाजू घेतली. तेव्हा कोर्टात पुरावा म्हणून मुलाखत नेऊ नका. देवाच्या कृपेनं कामाची अजून चाळीस वर्षं आहेत, अशा अर्थाचंही तो शेफला बोलून गेलाय. जानेवारी १९८१ चा तो अंक विक्रीला आला त्याच सुमारास, ८ डिसेंबरला, त्याला घराच्या दारात गोळ्या घातल्या. वेनरच्या मुलाखतीला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

मिळतं कुठे? इंटरनेट आर्काइव्हवर बरंच आहे, फुकट. 'स्पिन' आणि 'बिलबोर्ड'चे जुने अंक गूगल बुक्सवर पानन् पान दिसतात. 'मेलोडी मेकर' आणि 'एनएमई' (न्यू म्युझिकल एक्सप्रेस) या ब्रिटिश साप्ताहिकांसाठी वर्ल्ड रेडिओ हिस्टरी ही साइट बघा. रॉक्स बॅकपेजेस या साइटवर माल उत्तम आहे, पण तिथे पैसे मोजावे लागतात आणि लेख नुसता मजकूर म्हणून मिळतो. मी होईल तिथे स्कॅनच वाचतो, कारण मला मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिराती हव्या असतात. १९६७ मध्ये 'एनएमई'त लिबर्टी रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीनं नव्या लोकांसाठी जाहिरात दिली होती. ती वाचून एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन पोरांनी पत्रं टाकली, रेज ड्वाइट आणि बर्नी टॉपिन. त्यातला रेज म्हणजे पुढचा गायक एल्टन जॉन, आणि टॉपिन त्याचा गीतकार. १९७० च्या अखेरीस गिटारवादक स्टीव्ह हॅकेटनं 'मेलोडी मेकर'मध्ये दिलेली जाहिरात जेनेसिस बँडचा गायक पीटर गेब्रियलच्या नजरेला पडली आणि हॅकेट त्या बँडमध्ये गेला. अशा पानांवर माझी रात्र सहज निघते.

एक सावधगिरीची सूचना: पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीच्या मुलाखतींत पाचगणी शोधायला जाऊ नका. लहानपणाबद्दल तो फारसं बोलायचाच नाही.

आपल्याकडचं हवं असेल तर 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक शोधा. १९९३ मध्ये अमित सैगलनं ते चक्क अलाहाबादहून सुरू केलं. मुंबईच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवात ज्या बँडसाठी आम्ही घसे कोरडे केले, त्यांना कुणीतरी नीट प्रश्न विचारून उत्तरं छापतंय, हेच तेव्हा अप्रूप होतं. याचे अंक रद्दीवाल्याकडेच भेटले तर भेटले. माझ्या ट्रंकेत चार निघाले, ते देणार नाही.

आणि तो कापलेला रकाना. ट्रंक निघाली त्याच रात्री मी तो अंक नेटवर शोधला. दोन तास गेले, पण स्कॅन सापडला, पान शाबूत. 'खरं सांगायचं तर ते गाणं मी' याच्यापुढे होतं, 'अजून नीट ऐकलेलंच नाही.' बाकीचा रकाना गिटारला किती जाडीच्या तारा लावतो यावर खर्ची पडला होता. मी त्या पानाचा फोटो काढून रूममेटला पाठवला. तो आता नाशकात असतो. त्याचा उलट निरोप आला, मागच्या बाजूचा फोटो पण पाठव की.