चालणे पुन्हा पुन्हा सुटते तेव्हा

प्रश्न : मी भुसावळला राहते आणि जळगावच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. रोज रेल्वेने अप-डाऊन असते. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे, धाकटीची शाळेची तयारी, सासूबाईंचा नाश्ता आणि गोळ्या एवढे आटोपले की आठच्या सुमारास घर सोडते. परत यायला संध्याकाळचे साडेसात वाजतात आणि अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा होतात. यजमान रेल्वेत आहेत, त्यांची ड्यूटी पाळीची असते. मोठा मुलगा दहावीत आहे. साखर सीमारेषेवर आल्याने डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले आहे. गेल्या दोन वर्षांत मी चार वेळा सुरुवात केली : दोनदा दसऱ्याला, एकदा १ जानेवारीला आणि एकदा अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन आल्यावर. सव्वाचारला उठून चालायला जात असे. दर वेळी दोन-तीन आठवडे जमले आणि मग मुलीचा ताप, मार्चअखेरची कामे किंवा लग्नसराई आली की जे सुटले ते सुटलेच. वास्तविक आमचे कार्यालय जळगाव स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांवर आहे, म्हणजे प्रवासाचा त्रासही फार नाही; तरी जमत नाही. मैत्रिणी म्हणतात, तुझ्यात इच्छाशक्ती नाही. उमेद टिकवायची तरी कशी?

उत्तर : ताई, ज्या माणसाची इच्छाशक्ती संपलेली असते तो चौथ्यांदा पहाटे सव्वाचारला उठून पायांत बूट घालत नाही, त्यामुळे मैत्रिणींचे ते म्हणणे मला मान्य नाही. तुमचे पत्र मी कागद-पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचले आणि तुमच्या दिवसाचा हिशेब मांडला. पहाटे पाच ते रात्री अकरा या अठरा तासांत तुमच्या स्वतःच्या नावावर एक अर्धा तासही निघत नाही. ज्या अर्ध्या तासात तुम्ही चालत होता तो तुम्ही चारही वेळा झोपेतून काढला होता. अकराला आडवे होऊन सव्वाचारला उठायचे म्हणजे पाच-सव्वापाच तासांची झोप, आणि प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. झोप कमी पडली की भूक वाढते, गोड आणि तळलेले खावेसे वाटते आणि इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. साखर आटोक्यात आणण्यासाठी झोप मोडून चालणे हा तुमच्यासाठी तोट्याचाच व्यवहार होता आणि तुमचे शरीर तो दोन-तीन आठवड्यांत मोडीत काढत होते.

याच संदर्भात एक तपासणी करून घ्या, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दिवसभर अंग मोडून आल्यासारखे वाटणे आणि जिना चढताना दम लागणे याला घरोघरी आळस म्हटले जाते, पण पुष्कळदा त्याचे कारण हिमोग्लोबिन किंवा थायरॉईड हे असते. रक्तातच लोह नसेल तर उमेदीवर लिहिलेला कोणताही सल्ला निरुपयोगी आहे. चालताना छातीत दडपण किंवा घेरी आली तर थांबून डॉक्टरांना दाखवा, हेही ओघात सांगते.

आता वेळेकडे येऊ. तुमच्याच पत्रातली एक ओळ मला सर्वांत मोलाची वाटली : कार्यालय स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. शहरातल्या गर्दीत पाच मिनिटांची रिक्षा म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर, आणि ते झपझप चालायला पंधरा मिनिटे लागतात. जातानाची पंधरा आणि येतानाची पंधरा धरली तर दिवसाला तीस मिनिटे आणि कामाच्या पाच दिवसांत दीडशे मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत, म्हणजे तुमचा किमान कोटा रिक्षाऐवजी पायी गेल्यानेच भरतो. आधीच्या, २०१० च्या, शिफारशीत व्यायाम एका वेळी किमान दहा मिनिटे सलग व्हावा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे स्टेशनचा जिना आणि फलाटावरची चालही आता हिशेबात धरता येते. चाल मात्र रमतगमत नको. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग हवा.

रोजच्या कामातली हालचाल क्षुल्लक वाटते, म्हणून एक जुना दाखला देते. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा तिकिटे फाडत सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यांना आढळले. पुढे त्या निष्कर्षाची अनेक अंगांनी छाननी झाली, कारण दोन्ही कामांवर भरती होणाऱ्या माणसांत मुळातच काही फरक होते. परंतु व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. त्या वाहकांनी व्यायामासाठी निराळी पहाट शोधली नव्हती.

मात्र ही योजना आपल्या खान्देशच्या हवेला धरून करायला हवी. मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि संध्याकाळी सहालाही रस्ता भाजत असतो. अखाजीनंतर केलेली तुमची सुरुवात का टिकली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या उन्हातही आहे. एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत रिक्षा खुशाल करा आणि चालणे रात्रीच्या जेवणानंतर गच्चीवर न्या. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते, हा तर तुमच्यासाठी दुहेरी लाभ आहे. त्या दिवसांत निम्मे घर झोपायला गच्चीवर येतेच. धाकटीला सोबत घ्या, तिच्या शाळेच्या गोष्टी तेव्हाच ऐका. आईने आपल्याला वेळ द्यावा असे मुलांना वाटते तेव्हा त्यांना बहुधा एवढेच हवे असते. ही उन्हाळ्याची आखणी आत्ताच, थंडीत, ठरवून ठेवा, कारण मेच्या घामात नवे काही ठरवण्याचे त्राण कोणालाच नसते.

शुभ दिवस पाहून सुरुवात करण्यात काही चूक नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवे वर्ष, नवा महिना, नवा आठवडा किंवा वाढदिवस अशा टप्प्यांनंतर लोक व्यायामशाळेत अधिक जातात असे दिसले. त्या दिवसाची उमेद मात्र पंधरवड्यात ओसरते आणि पुढे तिच्या जागी काहीतरी ठरलेले असावे लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली एक साधी रीत इथे उपयोगी पडते. ‘मी चालेन’ असा मोघम निश्चय करण्यापेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे वाक्य आधीच ठरवून ठेवायचे. तुमचे वाक्य असे असू शकेल : जळगावला जिना उतरून बाहेर आले की रिक्षाकडे न बघता चालू लागेन. मग रोज मनाशी वाद घालावा लागत नाही, जिना उतरणे हीच आठवण होते. चालायचे बूट पायांतच असू द्या आणि चप्पल कार्यालयाच्या खणात ठेवा.

एकवीस दिवसांत सवय लागते असे आपण सर्वांनी ऐकलेले आहे आणि तुमच्या पत्रात दोन-तीन आठवड्यांचा उल्लेख वाचून मला त्याचीच आठवण झाली. लंडनमध्ये ९६ जणांवर बारा आठवडे झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला मध्यममानाने ६६ दिवस लागले. कोणाला अठरा पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात चालणे जड वाटत होते तेव्हा तुम्ही कुठेही कमी पडत नव्हता, तुम्ही वाटेच्या एक तृतीयांशावर होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा खाडा पडल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसत नाही. मुलीला ताप आला तर खाडा पडणारच आणि तो पडू द्यावा, कारण त्या रात्री तुमची जागा तिच्या उशाशी आहे. दोन खाडे लागोपाठ होऊ नयेत एवढे पाहा. मार्चअखेरीस किंवा घरच्या लग्नात तीस मिनिटे शक्य नसतील तर पाचच मिनिटे चाला, पण त्याच जागी, त्याच वेळी.

आता जे लिहायचे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते केवळ तुम्हाला उद्देशून नाही. तुमच्या पत्रात घरात पाच माणसे आहेत आणि सकाळची सगळी कामे एकाच माणसाच्या नावावर आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्यातच तुमची झोप गेलेली आहे. एखाद्या रविवारी डॉक्टरांचा कागद सर्वांसमोर ठेवा आणि ‘मला थोडी मदत करा’ असे म्हणण्याऐवजी कामे नावानिशी वाटून द्या. मदत मागितली की ती आपल्या सोयीने केली जाते, नेमून दिलेले काम मात्र ज्याचे त्याचे होते. दहावीतला मुलगा स्वतःचा डबा भरू शकतो आणि पाणीही भरू शकतो. सासूबाईंना झेपत असेल तर रात्री भाजी निवडणे त्यांना आवडेल, कारण घरात आपला उपयोग आहे ही जाणीव त्या वयात औषधाइतकी लागते. यजमानांची दुपारची पाळी असेल त्या आठवड्यात सकाळचा नाश्ता आणि धाकटीची तयारी त्यांच्याकडे असावी. सुरुवातीला भाकरी वेडीवाकडी होईल, वेणी सैल बसेल. ते पाहून लगेच हातातले काम काढून घेऊ नका. यातून पाऊण तास सुटला तर तो आधी झोपेला द्या.

याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. रविवारी आणि मधल्या एका दिवशी दहा-पंधरा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून तेवढेच दंड सध्या पुरेत.

प्रश्न : मी शिरपूरला सूतगिरणीत तीन पाळ्यांत काम करतो. वर्षाची फी एकदम भरून जिम लावली. दिवसपाळीत रोज दीड तास जातो, पण रात्रपाळीचा आठवडा आला की सगळे विस्कटते. पत्नी म्हणते, घरी असता तेव्हाही तुम्ही घरात नसता. मुले चार आणि सात वर्षांची आहेत. जिम सोडावी का?

उत्तर : भाऊ, सोडू नका, लहान करा. आठवड्याला तीन दिवस आणि दर वेळी पाऊण तास एवढे नीट केले तरी तुमच्या वयाला पुरेसे आहे. दीड तासाचा हट्ट धरल्यामुळे दीड तास न मिळालेला दिवस पूर्ण कोरडा जातो, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

पाळी बदलणाऱ्या माणसाने घड्याळाला व्यायाम बांधू नये, झोपेला बांधावा. ‘रोज संध्याकाळी सहा’ ही वेळ तीनपैकी एका पाळीत मोडणारच. ‘झोपून उठलो, तोंड धुतले, चहा घेतला की निघायचे’ हा क्रम तिन्ही पाळ्यांत टिकतो. रात्रपाळी संपवून सकाळी थेट जिमला जाऊ नका. जागरणाने शरीर शिणलेले असते, दुखापतीचा धोका वाढतो आणि व्यायामानंतर झोपही लांबते. आधी अंधार करून पुरेशी झोप घ्या आणि दुपारी उठल्यावर जा. पाळी बदलते त्या दिवशी व्यायाम ठेवूच नका. तो खाडा नसून सुट्टी आहे असे आधीच ठरलेले असले की मागाहून मन खट्टू होत नाही.

पत्नीचे वाक्य मी दोनदा वाचले. त्यात जिमविषयी तक्रार नाही. तुम्ही घरी कधी असाल आणि कधी मोकळे असाल हे तिला आधी कळत नाही, असे मला त्यातून जाणवते. दोन लहान मुले घेऊन जिचा दिवस जातो तिला केवळ तुमच्या पाळीवर स्वतःचा दिवस बेतावा लागतो, आणि जिमचे दीड तास त्यात न विचारता घुसतात. तेव्हा पाळीचा तक्ता लागला की त्याच रात्री दोघे बसून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो उतरवा. त्या आठवड्यात मुले पूर्णपणे तुमच्याकडे असतील आणि त्या वेळी चालायला, माहेरी किंवा नुसते पडून राहायला पत्नी मोकळ्या असतील, असे तीन पाऊण तास निवडा. आधी त्यांचे तास लिहा आणि मग उरलेल्या जागेत तुमचे.