जुन्या जीपला फोर-व्हील टाकूनही पुढची चाकं ओढत नाहीत, आणि डांबरावर टाकलं तर लिव्हर सुटत नाही. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे पाठवणारी पेटी) उतरवावी का?

नको, आत्ता तरी उतरवू नका. तुमच्याच वर्णनात उत्तराचा अर्धा भाग आहे.

जीप सीजे३बी घडणीची आहे, आधीच्या मालकाने पुढे हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक अ‍ॅक्सल शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे) बसवलेत, चिखलात लिव्हर जागेवर राहतो पण पुढची चाकं मेलेली, आणि सुक्या डांबरावर टाकलेला लिव्हर रिव्हर्स घेतल्यावरच सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. लिव्हर असा अडकायचा तर ट्रान्सफरमधली दातेरी कॉलर, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा), डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट (तिथून चाकांकडे जाणारे दांडे) आणि दोन्ही हब ही सगळी साखळी त्या वेळी जुळलेली असावी लागते. एक कडी जरी सुटी असती तर ताण साठलाच नसता. म्हणजे ट्रान्सफर पकडते. कधी पकडणारी आणि कधी न पकडणारी वस्तू बहुतेक एखादा हब आहे. (लिव्हर चिखलात आपोआप मागे उडाला असता तर मी ट्रान्सफरच्या फोर्कचा (कॉलर सरकवणाऱ्या काट्याचा) सेट स्क्रू आणि रेलवरच्या (तो काटा सरकवणाऱ्या दांड्यावरच्या) गोळीची स्प्रिंग बघायला सांगितलं असतं. तसं होत नाहीये.)

एकच हब नादुरुस्त असला तरी दोन्ही चाकं ओढायची थांबतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पुढचं डिफरन्शियल साधं, म्हणजे लॉक न होणारं, आहे. उजवा हब सुटा राहिला की इंजिनची ताकद सोपी वाट धरते: उजवा अ‍ॅक्सल शाफ्ट हबच्या आत नुसता गरगरतो आणि डावा हब घट्ट असूनही डावं चाक हलत नाही.

कोणता हब गुन्हेगार आहे ते अर्ध्या तासात कळतं. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, दोन्ही चाकं अधांतरी हवीत. इंजिन बंद, फोर-व्हीलचा लिव्हर आत (म्हणजे फोर-व्हील लागलेलं), दोन्ही हब लॉकवर. आता डावं चाक हाताने पुढे फिरवा. उजवं चाक उलट्या दिशेने फिरलं पाहिजे, कारण प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांनी धरून ठेवलेला आहे. उजवं गप्प राहिलं तर उजव्या हबचं बाहेरचं झाकण खोला. आत शाफ्टचं टोक दिसेल. डावं चाक फिरवल्यावर ते टोक उलटं फिरत असेल तर डावी बाजू ठीक आहे, उजवा हब पकडत नाही. टोकही हलत नसेल तर दोष डाव्या बाजूला.

तुमचा दोष अधूनमधून येणारा आहे, म्हणून एकदा बघून समाधान मानू नका. दोन्ही हब पाच-सहा वेळा फ्री करा, लॉक करा आणि दर वेळी पुन्हा तपासा. डायल लॉकवर गेला म्हणजे हब लागला असं नसतं. दात दातांसमोर आले तर आतली क्लच रिंग (शाफ्ट आणि हब जोडणारी दातेरी कडी) स्प्रिंगच्या जोरावर थांबून राहते आणि चाक थोडं फिरल्यावर आत सरकते. थोडं फिरवल्यावरही सरकत नसेल तर तिथेच दोष.

आता हब खोला. नव्वद टक्के वेळा आत सापडतं ते ग्रीस. बेअरिंगला भरतात तसं मूठभर ग्रीस कुणीतरी हबमध्येही कोंबलेलं असतं. ते जुनं होऊन मेणासारखं घट्ट होतं आणि रिंगला सरकू देत नाही. बेअरिंग ग्रीसने भरलेलं हवं, पण हबच्या आत बोटाने लावलेला पातळ थर पुरे. सगळे भाग रॉकेलने धुऊन कोरडे करा. मग स्प्रिंग थकली आहे का, तुटली आहे का, शाफ्टच्या टोकाची सरक्लिप (खाचेत बसणारी कडी) जागेवर आहे का आणि क्लच रिंगच्या दातांच्या कडा गोल झाल्यात का ते बघा. कडा गोल झालेला हब हातचाचणीत पास होतो आणि चिखलात जोर आला की कट्-कट् करत सुटतो. त्याला दुरुस्ती नाही, नवीन घ्या, आणि जोडीनेच घ्या. घेताना शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या उभ्या दातांची) संख्या मोजून न्या. या घडणीच्या जुन्या शाफ्टवर सहसा १० असतात, पण पुढे बदललेले शाफ्टही सापडतात.

हब उघडलाच आहे तर बेअरिंगही जुळवून घ्या. आतला नट चाक फिरवत फिरवत घट्ट करायचा, चाक जड झालं की साधारण एक षष्ठांश फेरी मागे घ्यायचा, मग लॉक वॉशर, बाहेरचा नट आणि वॉशरची कड नटावर वाकवायची. हे छिन्नी-हातोडीने करणाऱ्याला जीपला हात लावू देऊ नका. मोठा षटकोनी पाना मिळतो. हबचे सहा बोल्ट आमनेसामने घट्ट करा, पॅकिंग नवं घाला आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा. ढिल्या बोल्टांनी भोकं लांबट होतात आणि मग हब तुटतो.

लिव्हर अडकणं हा मात्र बिघाड नाही, निदान सुक्या रस्त्यावर तरी. या जीपला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात, सुका रस्ता त्यांना घसरू देत नाही, आणि तो फरक पीळ बनून शाफ्टांत साठतो. मातीत चाकं घसरून पीळ आपोआप निघतो. डांबरावर अडकलाच तर सरळ रेषेत काही मीटर मागे घ्या आणि लिव्हरवर हलका दाब ठेवा. लाथ मारू नका. तसंही जमत नसेल तर पुढचं एक चाक जॅकने उचला, पीळ क्षणात सुटतो. गाडी आधी दगड लावून रोखलेली हवी. या जीपचा मूळ हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्याच्यावर विसंबू नका.

सरळ रस्त्यावरही लिव्हर अडकत असेल तर टायरकडे बघा. लिव्हर बाहेर ठेवून एकाच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या टायरवर खाली खडूची खूण करा आणि जीप सरळ ढकला. पुढच्याच्या १० फेऱ्या झाल्या की मागची खूणही तळाला यायला हवी. पाव फेरीचा फरक म्हणजे अडीच टक्के, आणि तो खूप झाला. टायर सारखे असूनही अडकत असेल तर कुणीतरी मागचा अ‍ॅक्सल बदलून वेगळ्या गुणोत्तराचा (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या, त्याचा) घातलाय का ते मोजा. मागचं एकच चाक उचला, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. ५.३८ च्या डिफरन्शियलमध्ये (४३ आणि ८ दात) प्रोपेलर शाफ्ट पाच फेऱ्या आणि तीन अष्टमांश फिरतो, ४.८८ मध्ये पाचपेक्षा थोडा कमी. पुढेही दोन्ही हब लॉक करून हेच करा. दोन्हीकडचा आकडा एकच हवा. नसेल तर ते दुरुस्त होईपर्यंत फोर-व्हील वापरूच नका.

लो रेंजबद्दलही (जास्त ताकदीचा, कमी वेगाचा टप्पा) एक इशारा. मूळ रचनेत पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही, कारण लोमध्ये ताकद २.४६ पट होते आणि ती दोन्ही अ‍ॅक्सलांत वाटली जावी अशी योजना आहे. हब फ्री ठेवून लिव्हर आत टाकला की ही योजना फसते, लो लागतो पण सगळा भार एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. तुमचा हब चिखलात न पकडता तुम्ही लोमध्ये जोर लावला असेल तर मागच्या डिफरन्शियलचं तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का बघा.

पावसाळाभर हब लॉक आणि लिव्हर बाहेर, असं चालवा. डिझेल किंचित जास्त जाईल, पण पीळ साठणार नाही आणि चिखल आल्यावर खाली उतरून गुडघाभर गाळात हब शोधावा लागणार नाही. शिवाय पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरत असल्यामुळे लिव्हर सावकाश, सरळ चालत्या गाडीतही गपकन बसतो. हब फ्री असताना मात्र गाडी थांबवूनच टाका, नाहीतर दात किरकिरतील. उन्हाळ्यात फ्री ठेवलेत तरी महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर लॉक करून चालवा, म्हणजे डिफरन्शियलमधलं तेल वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचेल.

ओढ्यातून गेलात तर पुढच्या एक-दोन दिवसांत हबचं झाकण काढून बघा. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, धुऊन नवा पातळ थर लावा. त्याच वेळी नकलच्या (पुढचं चाक वळतं त्या सांध्याच्या) गोळ्यामागे हात फिरवा. तिथे ग्रीसऐवजी पातळ तेल लागलं तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतंय. ते पुढे ब्रेक ड्रममध्ये पोहोचतं, म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.