बंद घरातील उंदरांचा बंदोबस्त

प्रश्न : रत्नागिरीजवळचे आमचे कौलारू घर गणपती आणि मे महिना वगळता बंदच असते. प्रत्येक वेळी गाद्या कुरतडलेल्या आढळतात. उपाय सुचवावा.

उत्तर : विष ठेवून घर बंद करणे हा सर्वांत वाईट उपाय होय, कारण उंदीर माळ्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत मरतो आणि दुर्गंधी तेवढी तुमच्या स्वागताला उरते. खरे काम वाटा बुजवण्याचे आहे. लहान घरउंदीर सुमारे ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिल जेमतेम जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो. म्हणून मोरीच्या तोंडाला बारीक छिद्रांची पोलादी जाळी बसवावी, पाइपांभोवतीच्या भोकांत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपावे आणि दाराखालच्या फटीवर पत्र्याची पट्टी ठोकावी. कौलांवर टेकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या मात्र त्याआधी छाटाव्यात. झाडावरून उतरणाऱ्या उंदरांना खालच्या जाळीचे काही सोयरसुतक नसते. गाद्या व धान्य पत्र्याच्या घट्ट पेट्यांत ठेवावे. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नये. घर उघडल्यावर लेंड्या कोरड्या झाडू नयेत, तर हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसून घ्याव्यात.