दार कुठंय, हे तिलाच विचार

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला. मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या एकाने चाचणीत माणसाचं चित्र काढलं, डोळे बशीएवढे. वरिष्ठ म्हणतात, 'संशयी वृत्ती' लिहून टाक; तुझा हात काही चालेना. नाही चालला तेच बरं. पण त्याला विचारलंस का, हा कोण म्हणून? एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये ते कुठेच नाही.

डोळे आणि संशय ही जोडी आपल्याच डोक्यात असते. चॅपमन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1967 साली विद्यार्थ्यांना चित्रं आणि लक्षणं दाखवली होती, दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना. तरी पोरांना 'मोठे डोळे, संशयी माणूस' दिसलंच. मुरलेल्या तज्ज्ञांना दिसायचं तेच! मनोरुग्णालयात राहिलेला इंग्लिश चित्रकार लुई वेन, त्याच्या मांजरांची स्लाइड तर मीच वर्षानुवर्षं वर्गात दाखवली: साधं मांजर, मग काटेरी, मग नुसती नक्षी, बघा स्किझोफ्रेनिया कसा चढत जातो. त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. क्रम लावला तो एका डॉक्टरने.

म्हणून म्हणते, आधी विचार.

माझ्याकडे एक बाई होती. घर काढलं, दारच नाही. मी लिहिलं, 'माणसांपासून तुटलेली, मन बंद.' सहीसुद्धा ऐटीत केली. ते वाक्य पुढच्या प्रत्येक केसपेपरवर उतरत गेलं. चार वर्षांनी सहज तोच कागद तिच्यापुढे धरला तर म्हणाली, "दार पुढल्या अंगाला हाय की. ही मागली बाजू. ह्यो धुण्याचा दगड." कोपऱ्यातला तो चौकोन मी खोडलेली रेघ समजले होते. बाईचा सगळा दिवस त्या दगडावर जायचा, आणि मी दार शोधत बसले.

आम्हाला शिकवलंच तसं होतं, ओपीडीत श्वास घ्यायला फुरसत नसायची, हे सगळं खरं. पण "हे काय काढलंय?" विचारायला किती वेळ लागतो गं?

चित्र काढून घेऊच नको, असं नाही म्हणत मी. डिमेंशियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत घड्याळ काढायला लावतो, सगळे आकडे एका कडेला गोळा झाले तर त्याची दखल घ्यायचीच. तिथे नियोजन, जागेचं भान बघायचं असतं, मनातलं गुपित नाही. आणि तिथेही विचार: आजोबा, शाळेत गेला होतात का? पेन्सिल कधी धरली होती? चष्मा आणलाय का?

वरिष्ठांशी वाद घालू नको, त्यात मी उमेदीची वर्षं घालवली. रिपोर्टात रुग्णाचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिही. तुझा अंदाज त्याखाली, 'अंदाज' म्हणूनच.

उद्या राउंडच्या आधी जा. त्याच्या समोर नको, शेजारी बस. कागद त्याच्या हातात दे, पेन खिशातच राहू दे. तो बशीएवढ्या डोळ्यांचा माणूस कोण निघाला, ते मला कळव.

तुझी,
मॅडम