डाग चांदीचाच हवा

वाफेवर चालणाऱ्या छोट्या रेल्वे इंजिनाबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. लांबलचक पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न (मानेवाडा): नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातल्या इंजिनासारखे, खरोखर वाफेवर चालणारे इंजिन घरी करायचे आहे. रूळ ४५ मिमीचे घेतले. प्रमाण काय धरू?

उत्तर: सातपुड्याच्या नॅरोगेजची रुंदी ७६२ मिमी. भागिले ४५, म्हणजे जवळपास १७. प्रमाण १:१७ धरा. ४५ मिमीच्या रुळांसाठी १:२२.५ चे तयार डबे मिळतात, पण तो हिशेब मीटरगेजचा. तुमच्या इंजिनामागे ते खेळण्यासारखे दिसतील. चाकांच्या आतल्या कडांमध्ये ४० मिमी अंतर ठेवा. मात्र पहिलेच इंजिन हुबेहूब करण्याच्या भरीस पडू नका. चार चाके, दोन झुलते सिलिंडर, खाली स्पिरिटची बत्ती, एवढे आधी धावू द्या. घुमटी, केबिन मागाहून चढवता येते.

प्रश्न (इतवारी): बॉयलरसाठी हॉस्पिटलच्या ऑक्सिजन लाइनचा उरलेला तांब्याचा पाइप मिळाला, व्यास ५४, जाडी १.२ मिमी. मित्र म्हणतो साधे सोल्डर पुरे. एसीवाला त्याच्या कांडीने जोडून द्यायला तयार आहे. सराफ्यातला एक कारागीरही ओळखीचा आहे. काम कोणाला द्यावे?

उत्तर: पाइप उत्तम. ३ बार दाबाला १.२ मिमी जाडी पुरेशी आहे. प्रश्न सांध्यांचा आणि दोन्ही टोकांच्या झाकणांचा.

मित्राचे ऐकू नका. ३ बारला वाफ सुमारे १४४ अंशांवर असते आणि कथील-शिशाचे सोल्डर १८३ ला वितळू लागते. मधला फरक ४० अंशांचा, आणि वितळण्याच्या कितीतरी आधीच ते लेचेपेचे होते. पाणी संपून बत्ती चालू राहिली तर सांधा सुटलाच. एसीवाल्याची फॉस-कॉपर (फॉस्फरस-तांब्याची) कांडी तांब्याला तांबे चांगले जोडते, पण लोखंड किंवा निकेल असलेल्या धातूवर सांधा ठिसूळ होतो, आणि पुढे कोळसा जाळायचा झाला तर धुरातले गंधक त्याला खाते. तेव्हा डाग, म्हणजे सांध्याचा जोड, चांदीचाच.

कारागिराचा हात उपयोगी पडेल, पण त्याचे सामान जसेच्या तसे चालणार नाही. ५५ टक्के चांदीची कांडी ६३० ते ६६० अंशांत वितळते, आणि त्याच्याकडचा टाकणखार नीट काम करू लागतो साडेसातशेच्या आसपास. या कांडीला फ्लोराइडचा फ्लक्स (तापताना सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) लागतो. कांडी कॅडमियममुक्त आहे ना, हे विचारूनच घ्या. ‘केडीएम’ सोन्याला ज्याच्यावरून नाव पडले तोच हा धातू, आणि त्याचा धूर विषारी. फुंकणीची ज्योतही अपुरी पडेल. तांबे उष्णता चहूकडे पळवते, म्हणून भट्टीच्या विटांचा आडोसा करून मोठ्या गॅस बत्तीने अख्खा बॉयलर मंद लाल करावा लागतो. ज्योत कांडीवर नको. तापलेल्या तांब्याला कांडी टेकवली की ती आपणहून फटीत ओढली गेली पाहिजे. गोळे होऊन वर बसली तर तांबे तरी थंड आहे किंवा मळके.

झाकणे २ मिमी पत्र्याची, कडा वळवलेली. साचा ४७.४ मिमी व्यासाचा, कड गोलसर. पत्र्याची चकती साधारण ६४ मिमी. लाल करून पाण्यात बुडवा, ठोका. कड आखडली की पुन्हा लाल करा. असे तीन-चारदा करावे लागेल. घाई केली की कडेला चीर पडते. ३ बारला एकेका झाकणावर जवळपास ६५ किलोचा रेटा येतो, म्हणून दोन्ही झाकणे धरून ठेवणारी ६ मिमीची ब्रॉन्झची ताणसळई आरपार घाला. बुशही (जोडण्या बसवायच्या आट्यांच्या कड्या) ब्रॉन्झ किंवा गनमेटलचे; पितळेतले जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जाते आणि धातू सच्छिद्र होतो.

काम झाले की बॉयलर आपोआप निवू द्या. मग लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत घालून अर्धा तास बुडवा. चाचणी थंड पाण्याने, प्लंबरच्या प्रेशर पंपावर: बॉयलर काठोकाठ भरून, हवा काढून, ६ बारला १० मिनिटे. काटा हलता कामा नये. हवेने चाचणी कधीच नको. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थेंब गळतात. हवा असेल तर तुकडे उडतात. २५ लिटरहून लहान भांडे बॉयलर कायद्यात येत नाही, म्हणजे तपासायला निरीक्षक येणार नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हचे तोंड ४ मिमी असेल तर ३ बारला उघडण्यासाठी स्प्रिंगचा जोर सुमारे ३८५ ग्रॅम हवा. रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारी झडप) बंद, बत्ती पूर्ण, अशा स्थितीतही काटा ३.३ च्या वर गेला तर तोंड लहान आहे.

प्रश्न (हिंगणा): झुलत्या सिलिंडरचे इंजिन केले. स्ट्रोक (दट्ट्याची धाव) १४ मिमी, सिलिंडर ज्यावर झुलतो त्या खिळ्यापासून आसापर्यंत ४०. सिलिंडरचे भोक आणि त्यामागच्या पट्टीतली वाफेची व निकासाची भोके खिळ्यापासून १६ मिमीवर, पट्टीतली मध्यरेषेच्या दोन्हीकडे २.८ वर. सगळी भोके ३ मिमी. वाफ भसाभस निघते, चाक फिरत नाही.

उत्तर: जागा बरोबर, भोके मोठी. सिलिंडर दोन्हीकडे १० अंश झुलतो, त्यामुळे त्याचे भोक २.८ मिमी सरकते. पण मध्यावर असताना तुमचे ३ मिमीचे भोक पट्टीतल्या दोन्ही भोकांवर ०.२ मिमी चढलेले असते, आणि वाफ सरळ निकासाला जाते. सिलिंडर तसाच राहू द्या. पट्टी नवी करून भोके २ मिमीची पाडा. मग मध्यावर भोकांमध्ये ०.३ मिमी अंतर राहील. पट्टीचे तोंड काचेवर १००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासा. मार्करने रंगवून घासले आणि रंग सगळीकडून सारखा गेला, तर तोंड सपाट. सुरुवातीला पाणी थुंकेल. गार सिलिंडरात वाफेचे पाणी होते, त्याची काळजी नको.

प्रश्न (वाडी): गॅसची बत्ती थंडीत छान चालली. मे महिन्यात ज्योत बर्नरवरून उडते.

उत्तर: ब्युटेनचा दाब २० अंशांना १ बारच्या आसपास, ४५ अंशांना ३ च्या वर. जेट (गॅसचे बारीक तोंड) तेच, दाब तिप्पट. गॅसची टाकी सावलीत भरा, ८० टक्क्यांवर नको, आणि झडप अगदी थोडी उघडा. घरगुती सिलिंडरचा गॅस त्यात भरू नका. त्यात प्रोपेन असतो, दाब कितीतरी जास्त, आणि असे भरणे बेकायदेशीर आहे. स्पिरिट वापरत असाल तर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, म्हणून विझली असे समजून वरून ओतू नका. पाण्याआधी स्पिरिट संपले पाहिजे: २०० मिली पाण्याला पहिल्यांदा २५ मिलीच घाला आणि उरलेले पाणी मोजा.

प्रश्न (महाल): सिलिंडरला मोटारसायकलचे तेल चालेल का?

उत्तर: नाही. वाफेने ते पातळ होऊन धुतले जाते. ४६० किंवा ६८० ग्रेडचे स्टीम सिलिंडर ऑइल मागा. वाफेच्या नळीवर ३-४ मिलीची तेलाची डबी बसवा. डबीत वाफेचे पाणी होऊन तळाशी जाते आणि तेल वर सरकून नळीत उतरते. प्रत्येक फेरीनंतर तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा, नाहीतर पुढच्या वेळी तेलाला जागाच राहत नाही.