उपचार मोफत असतील, तर गरिबीने नेमका काय फरक पडतो?

सरकारी रुग्णालये आणि मोफत योजना असताना रुग्णाच्या आर्थिक-सामाजिक स्थितीने उपचारांत काय फरक पडतो, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यातला असल्याने आमच्याकडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचेच उदाहरण देतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला आमच्याकडे ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल फेडत राहते. एक दिवस कामाला गेले नाही की ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड हिशेबातून कापला जातो. कोपीजवळ, म्हणजे राहण्याच्या झोपडीजवळ, ना पाणी, ना संडास. पाळीतही फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, उभे राहावे लागते. त्यामुळे अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी बायका अंगावर काढतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत हे खरे. पण तपासणीला एक दिवस आणि रिपोर्टला दुसरा, म्हणजे दोन खाडे, त्यांचा खर्च कोणत्याही केसपेपरवर लिहिलेला नसतो.

मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात ‘पिशवी (गर्भाशय) काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असे ऐकवले गेले की ती काढली जाते, आणि तो खर्च बहुधा पुढच्या उचलीतून भागवला जातो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण २.६ टक्के होते.

डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, आणि काहींच्या बाबतीत ते रास्तही आहे. परंतु याच तक्रारीसाठी बीडमधली एखादी शिक्षिका रजा टाकते, सोनोग्राफी करते, गोळ्यांचा कोर्स पुरा करते आणि मनात शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारते. माझ्या मते खरा फरक इथे आहे: गरीब बाईला उपचार कमीच मिळतात असे नाही, कधीकधी नको तो उपचार मिळतो, कारण तो एकदाच करून मोकळे होता येते.

हे प्रकरण समोर आल्यावर बीडमधील खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. फडावर असताना औषध घेऊन आठ दिवसांनी पुन्हा दाखवायला येणे तिला परवडेल, अशी तरतूद मात्र त्या नियमात नाही.